वीस दिवसांची गाडी

पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. ‘गाडीवर आलास ना?’ असे कुणी विचारले की स्कूटर किंवा मोटारसायकलच डोळ्यांपुढे येते. चारचाकी असेल तर ‘फोर व्हीलर आणलीय’ असे वेगळे सांगावे लागते. या शहरात वाहने ज्या क्रमाने आली, तो क्रम या शब्दात अजून शिल्लक आहे. आधी सायकल. मग १९७२ साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या पिढीकडे चारचाकी आलीच तर निवृत्तीच्या आसपास, फंडाच्या पैशांतून. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली, तेव्हा कुठे ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला लागली. त्या पिढीच्या मुलांना चारचाकी पस्तिशीतच मिळाली. १९९८ साली पुण्यात बनणारी इंडिका आली, हिंजवडीत आयटीच्या नोकऱ्या आल्या, बँका कर्ज द्यायला दारात उभ्या राहिल्या, आणि फ्लॅट घेतला तो वाकड-बाणेरला, जिथे बसचा भरवसा नव्हता. आता त्यांची मुले पंचविशी-तिशीत आहेत. ती फोनवर रिक्षा बोलावतात, मेट्रोने जातात, इलेक्ट्रिक स्कूटर घेतात, आणि चारचाकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न विचारतात, ‘लावायची कुठे?’

यावरून एक निष्कर्ष फार घाईने काढला जातो. नव्या पिढीला गाडीची (इथून पुढे ‘गाडी’ म्हणजे चारचाकीच) हौस राहिली नाही, तेव्हा वाहतुकीचा प्रश्न आपोआप हलका होत जाईल, असा. माझ्या मते हा समज चुकीचा आहे आणि शहराला महागात पडणारा आहे. तरुणांनी गाडी नाकारलेली नाही, तिची तारीख पुढे ढकललेली आहे. घरात बाळ आले, किंवा आईवडिलांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यायची वेळ आली, की ज्याने आठ वर्षे गाडीवाचून काढली तोही शोरूममध्ये जातो. तोपर्यंत पगार वाढलेला असतो, त्यामुळे घेतली जाणारी गाडी वडिलांच्या पहिल्या गाडीपेक्षा लांब, रुंद आणि जड असते. ही मधली सात-आठ वर्षे शहराच्या हातात आहेत. ती वाया घालवली तर पुढची पंधरा वर्षे ती गाडी आपल्याच रस्त्याकडेला उभी राहणार आहे.

गाडी घेण्याचा निर्णय रोजच्या प्रवासावर क्वचितच होतो, आणि धोरण आखणारे इथेच चुकतात. कोथरूडहून रामवाडीला रोज जाणारी मुलगी वनाज स्टेशनवर मेट्रोत बसते आणि तिला गाडीची आठवणही येत नाही. गाडी घेतली जाते ती वर्षातल्या वीसेक दिवसांसाठी: दिवाळीत कोकण, गावची जत्रा, लग्नसराई, दोन-चार जोडून आलेल्या सुट्ट्या, आणि रात्री दोन वाजता कुणाच्या तरी छातीत दुखले तर. हे वीस दिवस खरे आहेत, त्यांची गरजही खरी आहे. पण या वीस दिवसांसाठी घेतलेली गाडी उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस काय करते, हे पाहिले पाहिजे.

हिशेब मांडू. ऑन-रोड नऊ लाखांची पेट्रोल गाडी. त्यातले सात लाख कर्जाचे, ९ टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी. हप्ता साधारण ११,२६० रुपये, आणि सात वर्षांत व्याज जाते सुमारे २ लाख ४६ हजार. आठ वर्षांनी गाडी ३ लाख ४० हजारांना विकली असे धरले तर किमतीतली घट वर्षाला ७० हजार. व्याज वर्षाला सरासरी ३० हजार, विमा १५ हजार, सर्व्हिसिंग ८ हजार, टायर-बॅटरीचे वार्षिक ६ हजार. म्हणजे किल्ली न फिरवता वर्षाला १ लाख २९ हजार. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गावात १५चे ॲव्हरेज धरले, तर इंधन किलोमीटरला ७ रुपये. वर्षाला ४,००० किलोमीटर चालवणाऱ्याला एक किलोमीटर पडतो ३९ रुपयांना. आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदलून पाहा, चित्र फारसे बदलत नाही. रिक्षाचे मीटर सप्टेंबर २०२२पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये आहे.

मग लोक गाडी का काढतात? कारण हे १ लाख २९ हजार आधीच गेलेले असतात. घरातून निघताना डोक्यात फक्त ७ रुपये असतात. तीन किलोमीटरवरच्या मंडईला रिक्षाने गेले तर ५१ रुपये, गाडीने गेले तर २१, आणि लावायला रस्ता फुकट. एकदा गाडी दारात आली की ती प्रत्येक छोट्या फेरीत रिक्षाला, बसला आणि पायी चालण्याला स्वस्तात हरवते. वीस दिवसांसाठी आलेली गाडी अशी रोजची होते. त्या माणसाच्या आळशीपणाला दोष देण्यात अर्थ नाही; त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे.

या छोट्या फेऱ्या गाडीलाही मानवत नाहीत. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषांच्या, डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जळून साफ व्हायला एग्झॉस्ट खूप तापावा लागतो, म्हणजे एकसारख्या वेगात पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्याने गाडी पळावी लागते. मुलाला शाळेत सोडायचे दोन किलोमीटर आणि परत दोन, असे महिनाभर चालले की जाळी तुंबते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, तो दुर्लक्षिला तर गाडी ताकद कमी करून रेंगाळत चालते. साफ करण्याची प्रक्रिया अर्धवट तुटत राहिली तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. कोकणच्या घाटासाठी म्हणून घेतलेली डिझेल एसयूव्ही शाळेच्या फेऱ्यांनी आजारी पडते, आणि दोष कंपनीला दिला जातो. पेट्रोल गाडीला डीपीएफचा हा त्रास बहुधा नसतो, पण तिचेही इंजिन दोन किलोमीटरमध्ये पुरते तापत नाही आणि बॅटरीही भरत नाही.

आता सगळ्यात वरची पिढी. सदाशिव पेठेत नवी झालेली इमारत घ्या, नाहीतर कोथरूड-सहकारनगरमधली चाळीस वर्षे जुनी सोसायटी. खाली कव्हर घातलेली एक तरी गाडी असतेच. कव्हरवर कबुतरांची घाण, पुढच्या बाजूला इलॅस्टिक फाटून बंपर उघडा, डावे मागचे चाक बसलेले, वायपरचे रबर काचेला चिकटलेले. गाडी चालली आहे २८,००० किलोमीटर आणि वय आहे १४ वर्षे. मालक अठ्ठ्याहत्तरचे. दर रविवारी खाली येऊन पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात, बंद करून परत जातात, आणि गाडी जपली असे त्यांना मनापासून वाटते.

ही पाच मिनिटे गाडीच्या उपयोगाची नाहीत. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून साधारण ३० मिलीॲम्पिअर वीज सतत खातात. छोट्या गाडीची ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने चार आठवड्यांत निम्म्याहून अधिक उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, जो पुन्हा चार्ज करूनही पुरता जात नाही. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये अल्टरनेटर ही तूट भरू शकत नाही. इंजिन तापत नसल्याने जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहते. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी पावसाळ्यानंतर जागची हलत नाही, कारण मागचे लायनर ड्रमला गंजाने धरून बसतात. वायरिंग उंदीर खातात. पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, पावसाळ्यात या कामाला तोटा नसतो.

गाडी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास ती रस्त्यावर फिरली पाहिजे. ते जमणार नसेल तर बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सैल करून काढून ठेवावा, हँडब्रेक न लावता रिव्हर्स गिअरमध्ये टाकून चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, आणि हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरावी. टायरवर खोल नक्षी दिसली तरी त्याचे वय पाहावे. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१६’ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. असा टायर द्रुतगती मार्गावर नेऊ नये.

कागदपत्रांत याहून मोठा धोका असतो आणि तो घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांपुढच्या माणसाचे लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी नूतनीकरण होते, सोबत डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी. आजोबांचे लायसन्स संपलेले, गाडी आजोबांच्या नावावर, आणि चालवतो नातू, अशी घरे पुण्यात कितीतरी आहेत. विम्याच्या पावतीत ‘ओनर-ड्रायव्हर’ म्हणून १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी असते, आणि मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच. म्हणजे इथे ते आजोबांना लागू नाही आणि नातवालाही नाही. उपाय अवघड नाही: फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी जो चालवतो त्याच्या नावावर करावी, कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर आधी फॉर्म ३५ने उतरवावा, आणि विमा १४ दिवसांच्या आत बदलून घ्यावा. मालक वारल्यानंतर हेच काम फॉर्म ३१ने होते आणि सोबत वारसांची कागदपत्रे लागतात, म्हणून हयातीत केलेले बरे. पंधरा वर्षे झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, एप्रिल २०२२पासून वाढलेले किमान ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर. २८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीवर हा खर्च करायचा का, हा विचार चौदाव्या वर्षीच झाला पाहिजे.

तरीही ती गाडी का विकली जात नाही? लोक म्हणतात भावना. भावना असतेच, ज्या माणसाने चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला त्याला गाडी ही कमाईची खूण वाटणारच, आणि ती खूण काढून घ्यायचा हक्क कुणालाही नाही. पण भावनेच्या खाली दोन रोखठोक कारणे आहेत. एक भीतीचे आणि एक जागेचे. जागेकडे शेवटी येतो.

भीती रात्री दोन वाजताची. ॲपवर गाडी येते म्हणते आणि रद्द होते. रिक्षा स्टँडवर नसते. गुडघे धरलेल्या बाईला रिक्षात चढणे आणि उंच एसयूव्हीत चढणे दोन्ही सारखेच कठीण. १०८ला फोन केला तर रुग्णवाहिका येते, पण ‘तेवढे गंभीर आहे का’ या विचारात घरचे लोक तो फोन करायला कचरतात. या भीतीला आकडेमोडीने उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. मात्र त्या रात्री गाडी चालवणार कोण, हा प्रश्न विचारावा लागतो. अठ्ठ्याहत्तरच्या माणसाला मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, घाबरलेल्या मनाने, चार महिने उभी असलेली गाडी रात्री काढायची आहे. सेल मारला तर ती उठणार नाही. दाराशी आहे म्हणून जिचा आधार वाटतो, ती गाडी नेमकी त्याच रात्री दगा देण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तरुणांची वाटही सरळ नाही. गाडी घेण्याऐवजी भाड्याने घ्यायची, हे दिसायला उत्तम उत्तर आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी स्वतः चालवायला मिळते. दिवसाला तीन हजार धरले तरी वीस दिवसांचे साठ हजार होतात, म्हणजे वरच्या स्थिर खर्चाच्या निम्म्याहून कमी. अडचण अशी की सगळ्यांचे वीस दिवस एकच असतात. गणपतीत, दिवाळीत, जोडून आलेल्या सुट्टीत गाड्या मिळत नाहीत किंवा दर वाढतात. ताब्यात घेताना टायर, स्टेपनी, काच, चारी बाजूंचे ओरखडे आणि इंधनाचा काटा यांचे फोटो काढले नाहीत तर परत देताना डिपॉझिटवरून वाद होतो. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेणे तर टाळलेच पाहिजे: खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो, आणि अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडतो.

दुसरी अडचण सवयीची. अठराव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस दिवस, ट्रॅकवर चाचणी, लायसन्स हातात, आणि मग सहा वर्षे स्टिअरिंगला हात नाही. असा माणूस चार मित्रांना घेऊन भाड्याच्या गाडीने ताम्हिणी घाट उतरतो तेव्हा काय होते ते घाटातल्या टपऱ्यांवर वासाने कळते. उतारावर गाडी चौथ्यात किंवा न्यूट्रलमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक पॅड तापतात, मग ब्रेक ऑइल तापते, त्यात ओलावा असेल तर त्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे: दुसरा किंवा तिसरा गिअर, वेग इंजिनने आवरायचा, ब्रेक थोडा वेळ दाबून सोडायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’. चढावर थांबायची वेळ आली तर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही, हँडब्रेक ओढायचा; दहा मिनिटांच्या अशा कोंडीत क्लच प्लेट जळते. इथे घरातल्या मधल्या पिढीने लक्ष घालावे असे मला कळकळीने वाटते. ज्यांनी पंचवीस वर्षे घाटात गाडी चालवली, त्यांनी मुलाला गाडी घेऊन देण्याआधी कात्रजच्या घाटात चार वेळा शेजारी बसून चालवायला शिकवावे.

मग शहराने करायचे काय? मेट्रो मार्च २०२२मध्ये सुरू झाली, सप्टेंबर २०२४मध्ये जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली, आणि वनाज-रामवाडी व पिंपरी-स्वारगेट असे दोन मार्ग उभे राहिले. तिकीट १० ते ३५ रुपये. पण स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर मेट्रोच्या हातात नसतो. तो पदपथाचा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात निवासी भागात पदपथ किमान १.८ मीटर मोकळा आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपर्यंत असावी असे आहे. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधमध्ये पदपथ रुंद केले तेव्हा तिथे आजीआजोबा चालायला लागले, हे कुणालाही जाऊन पाहता येईल. आपल्या बहुतेक रस्त्यांवर मात्र पदपथ फुटाच्या उंचीवर सुरू होतो, प्रत्येक गेटपाशी तुटतो आणि डीपीच्या खांबापाशी संपतो. बसचेही तसेच. लो-फ्लोअर बसमध्ये चढताना फक्त ४०० मिलिमीटर उंची पार करावी लागते, जुन्या उंच बसचा तळ ९०० मिलिमीटरवर असतो. साठीच्या गुडघ्यांना हा फरक तिकिटापेक्षा मोठा आहे. म्हाताऱ्यांनी गाडी सोडावी असे वाटत असेल तर आधी पदपथाच्या आणि बसच्या उंचीचे हे दोन आकडे सुधारा.

तरुणांच्या बाबतीत मात्र एकच गोष्ट निर्णायक ठरेल, आणि तिच्याबद्दल बोलायला कुणी तयार नाही: रस्त्याकडेची फुकट जागा. पुण्यात पी-१, पी-२च्या पाट्या आहेत, सम तारखेला एक बाजू आणि विषमला दुसरी. या पद्धतीने बाजू ठरते, किंमत ठरत नाही. एका गाडीची जागा २.५ गुणिले ५ मीटर, साडेबारा चौरस मीटर. पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा ती मोठी आहे. तळघरात बांधायची तर येण्याजाण्याच्या वाटेसह एका गाडीमागे साधारण ३२ चौरस मीटर बांधकाम लागते. तीच जागा लक्ष्मी रस्त्याजवळच्या बोळात आपण दिवसभर फुकट देतो. २०१८ साली महापालिकेच्या सभेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, विरोधानंतर ते पाच रस्त्यांपुरते ठेवले गेले, आणि त्या पाच रस्त्यांवरही ते वर्षानुवर्षे सुरू झाले नाही. विरोधाचे म्हणणे होते की आधी बस द्या, मग पैसे घ्या. म्हणणे चुकीचे नाही, पण क्रम उलटा आहे: बस ज्या जागेत अडकते ती जागा उभ्या गाड्यांनी अडवलेली असते. वरचा मंडईचा हिशेब पुन्हा पाहा. तासाला ३० रुपये पार्किंग लागले की गाडीची फेरी २१वरून ५१वर जाते, नेमकी रिक्षाइतकी. बस तेवढ्याच अंतराला १० रुपये घेते. गाडी कुणाकडून हिसकावून घ्यायची नाही, तिला वीस दिवसांच्या कामापुरती ठेवायची, तर हे शुल्क पुरेसे आहे.

महापालिकेची वाट न पाहता करता येण्यासारखे काम सोसायटीच्या हातात आहे. इथे ते दुसरे, जागेचे कारण येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ज्या सभासदाकडे वाहन आहे त्यालाच पार्किंगची जागा मिळते, साधारणपणे एकाला एकच, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी. स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली जागा) आणि उघडी जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१०मध्ये स्पष्ट केले आहे. नियम न्याय्य आहे, पण त्याचा एक परिणाम कुणी मनात धरला नव्हता. गाडी विकली की जागा जाते. मग मुलगा परदेशातून आला, नातवाने गाडी घेतली, तर ती लावायची कुठे? म्हणून कव्हरखालची गाडी विकायची नाही. बऱ्याच घरांत ती गाडी वाहन म्हणून उरलेलीच नाही, जागेवर टाकलेला रुमाल म्हणून ती तिथे उभी आहे. आणि तिच्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याची रोज लागणारी गाडी बाहेर पी-१मध्ये उभी राहते.

हे सोडवायला ठराव पुरतो. जो सभासद आपली गाडी विकून किंवा नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढून पार्किंगची जागा संस्थेला परत देईल, त्याच्या घरात पाच वर्षांच्या आत पुन्हा गाडी आली तर त्याला चिठ्ठ्यांच्या आधी जागा मिळेल. तोवर त्याला पार्किंग शुल्क नाही. दुसऱ्या गाडीला पहिलीच्या तिप्पट शुल्क. आणि रिकाम्या झालेल्या जागांपैकी लिफ्टच्या सर्वांत जवळची एक कुणालाच द्यायची नाही. तिथे रात्री आलेली रिक्षा, कॅब किंवा रुग्णवाहिका दाराला लागून उभी राहील, खुर्चीवरून माणूस थेट आत बसवता येईल. शेजारी दोन नंबर लिहिलेली पाटी लावावी: एक १०८, दुसरा इमारतीत रात्री गाडी काढू शकणाऱ्या माणसाचा, दर महिन्याला बदलणारा. आजोबांना गाडी विकायला सांगण्याआधी ही पाटी लागलेली असली पाहिजे, आणि त्यावरचा माणूस एकदा तरी त्यांच्या घरी चहाला येऊन गेलेला असला पाहिजे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी काढावी लागते. ठराव विषयपत्रिकेवर यायचा असेल तर तो सचिवांकडे ऑगस्टमध्येच लेखी द्यावा. ‘आयत्या वेळच्या विषयांत’ पार्किंग काढले की पहिल्या दहा मिनिटांत भांडण होते आणि सभा चहावर संपते.